सांगा, चौकट किती रुंद?

मुलांनो, नवी वही उघडली की पहिलं काम कोणतं? समास सोडायचा! बाईंनी शंभर वेळा सांगितलेलं असतं. डावीकडे दोन बोटं जागा सोडा, मथळा मधोमध लिहा, त्याच्याखाली रेघ मारा, नवं उत्तर नव्या ओळीवर घ्या. उत्तर तेच असतं, पण समास सोडलेली वही वाचायला किती सोपी जाते! तपासणाऱ्यालाही बरं वाटतं. हे मी शिक्षिका म्हणून अगदी मनापासून सांगते.

आता गंमत ऐका. इंटरनेटवर आपण जी पानं बघतो ना, त्यांनाही समास असतो. मथळा केवढा, अक्षरांचा रंग कोणता, चित्राभोवती चौकट असावी की नसावी, हे सगळं कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं असतं. या सूचनांच्या यादीला म्हणतात ‘स्टाइल शीट’. आणि ती ज्या भाषेत लिहितात तिचं नाव ‘सीएसएस’, म्हणजे ‘कॅस्केडिंग स्टाइल शीट्स’.

या सूचना वाचून पान आपल्यासमोर मांडणारा कारागीर म्हणजे ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही नावं तुमच्या ओळखीची असतील. सूचना एकच, कारागीर अनेक. मग सगळ्यांनी काढलेलं पान सारखंच दिसायला हवं, नाही का? पण तसं व्हायला कितीतरी वर्षं लागली! ती हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे.

संहिता वेगळी, नेपथ्य वेगळं

शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटक बसवताना काय करतो आपण? आधी संहिता घेतो. कोण काय बोलणार, ते तिच्यात असतं. पडदे कोणत्या रंगाचे, राजाला फेटा की मुकुट, दिवा कुठून पाडायचा, हे मात्र वेगळं ठरतं. उद्या फेट्याचा रंग बदलायचा झाला, तर काही सगळं नाटक पुन्हा लिहीत नाहीत!

वेबच्या पानाचंही तसंच. पानातला मजकूर ‘एचटीएमएल’ या भाषेत लिहितात. हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, असं ती सांगते. ही झाली संहिता. सीएसएस म्हणजे नेपथ्य आणि वेशभूषा.

सुरुवातीला मात्र हे दोन्ही वेगळं नव्हतं. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली आणि १९९० मध्ये पहिला ब्राउझर तयार केला. तेव्हा वेबवर मुख्यतः शास्त्रज्ञांचे लेख आणि माहिती असे. सजावटीची फारशी कुणाला पडली नव्हती. पण पुढे वर्तमानपत्रं, दुकानं, शाळा, सगळेच वेबवर येऊ लागले आणि प्रत्येकाला आपलं पान छान दिसायला हवं होतं.

मग लोकांनी काय काय युक्त्या केल्या! रंगाची सूचना मजकुराच्या मध्येच घुसवायची. कोष्टक काढायचं आणि त्याच्या घरांत मजकूर कोंबून पानाचे रकाने करायचे. दोन गोष्टींत अंतर हवं असेल, तर मध्ये एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र ताणून ठेवायचं! हसू येतं ना? पण त्या काळी हे खरंच करत. आता विचार करा, शंभर पानांच्या वेबसाइटवरचे सगळे निळे मथळे हिरवे करायचे आहेत. बसा मग शंभर पानं उघडत!

धबधब्यातून आलेली कल्पना

यावर उपाय सुचवला होकॉन वीउम ली या नॉर्वेच्या तरुणाने. तोही तेव्हा सर्नमध्येच काम करत होता. १० ऑक्टोबर १९९४ रोजी त्याने एक मसुदा लोकांसमोर ठेवला. सजावट मजकुरापासून वेगळी काढा आणि तिची एकच यादी करा, असं त्याचं म्हणणं होतं. मथळे हिरवे करायचे? यादीतली एक ओळ बदला, शंभर पानं आपोआप बदलतील. बर्ट बॉस हे नेदरलंड्सचे संशोधकही अशाच कल्पनेवर काम करत होते. दोघं एकत्र आले.

‘कॅस्केड’ म्हणजे धबधबा, एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर पडत येणारा. हे नाव का बरं? कारण सूचना तीन ठिकाणांहून येतात. काही ब्राउझरच्या स्वतःच्या असतात, काही पान तयार करणाऱ्याच्या आणि काही चक्क वाचणाऱ्याच्या! समजा, आजीला बारीक अक्षर दिसत नाही. तिने ‘मला मोठं अक्षर हवं’ असं सांगितलं, तर तिचंही ऐकलं जावं. होकॉनच्या पहिल्या मसुद्यात तर कुणाचं किती टक्के ऐकायचं, तेही लिहिण्याची सोय होती. टक्केवारी पुढे गळून पडली, पण वाचणाऱ्यालाही मत असतं, ही गोष्ट टिकली.

आणखी एक शहाणपणाचा नियम या भाषेत आहे. एखादी सूचना ब्राउझरला कळली नाही तर त्याने काय करावं? रुसून बसू नये, पान बंद करू नये. ती सूचना सोडून द्यावी आणि पुढची वाचावी. परीक्षेत आम्ही सांगतो ना, ‘येत नसेल तो प्रश्न सोडा आणि पुढे जा’, अगदी तसं! म्हणून आजची नवी सूचना जुन्या ब्राउझरला कळली नाही, तरी मजकूर वाचता येतो.

वेबचे नियम ठरवणारी ‘डब्ल्यूथ्रीसी’ नावाची संस्था १९९४ मध्येच स्थापन झाली होती. तिने १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. झालं, नियम ठरले! संपली गोष्ट?

छे! खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

एकच गणित, दोन उत्तरं

पाटी-पेन्सिल घ्या. एक गणित घालते.

एका चौकटीची रुंदी ३०० ठिपके आहे. (संगणकाच्या पडद्यावरच्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात.) आत मजकुराच्या डाव्या आणि उजव्या बाजूला २०-२० ठिपके मोकळी जागा आहे. त्याबाहेर दोन्हीकडे ५-५ ठिपके जाडीची रेघ आहे. तर पूर्ण चौकट पडद्यावर किती जागा घेईल?

सीएसएसचा नियम सांगत होता, की रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. बाकीचं तिच्यात मिळवायचं. म्हणजे ३०० अधिक ४० अधिक १०, एकूण ३५०.

पण मायक्रोसॉफ्ट कंपनीचा विंडोज संगणकांसाठीचा ‘इंटरनेट एक्स्प्लोरर ५’ हा ब्राउझर वेगळं गणित करत होता. त्याच्या मते रुंदी म्हणजे रेघेसकट सगळी चौकट. एकूण ३००, आणि मजकुराला उरले २५०!

पन्नास ठिपक्यांचा फरक. त्यात काय एवढं, असं वाटेल. बघा हं. पान ७०० ठिपके रुंद आहे आणि त्यावर अशा दोन चौकटी शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत. नियमाप्रमाणे ३५० अधिक ३५०, बरोब्बर ७००. पण इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये त्या होतील ६०० आणि शंभर ठिपके रिकामे राहतील. आता उलट करा. कुणी त्याच ब्राउझरमध्ये बघून रुंदी ३५० लिहिली. तिथे छान बसलं. पण नियम पाळणाऱ्या ब्राउझरमध्ये प्रत्येक चौकट झाली ४०० ची. दोन मिळून ८००. मावेल का ७०० मध्ये? दुसरी चौकट जागा न मिळाल्याने खाली घसरली!

तुम्ही म्हणाल, नुसतं दिसण्याचाच तर प्रश्न आहे. पण समजा, त्या घसरलेल्या चौकटीत शिष्यवृत्तीचा अर्ज असेल आणि ‘अर्ज पाठवा’ हे बटण दुसऱ्या मजकुराखाली झाकलं गेलं, तर? ज्याच्याकडे ठरावीक ब्राउझर नाही, त्याचा अर्ज राहिला! शिवाय या घोळाला कंटाळून लोक पुन्हा जुन्या कोष्टकांकडे वळत. अंध व्यक्ती पान मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतात. कोष्टकांत कोंबलेलं पान तो प्रोग्रॅम घराघराने वाचत जातो आणि वाक्यांचा क्रम पार बिघडू शकतो.

‘हे पान अमुक ब्राउझरमध्येच चांगलं दिसेल’ अशा पाट्या तेव्हा वेबवर जागोजागी असत. तुमचं आवडतं साप्ताहिक फक्त एकाच कंपनीचा चष्मा लावून वाचता आलं असतं, तर कसं वाटलं असतं?

दुसरा मोठा ब्राउझर होता नेटस्केप. १९९७ मध्ये त्याची चौथी आवृत्ती आली. तिची तऱ्हा आणखी न्यारी! तिच्यात सजावटीचं काम ‘जावास्क्रिप्ट’ नावाच्या दुसऱ्याच भाषेच्या आधाराने चाले. जावास्क्रिप्ट बंद केली, की सजावटही बंद!

ब्राउझरला फसवण्याची युक्ती

या गोष्टीतला एक हुशार माणूस म्हणजे टान्टेक चेलिक. तोही मायक्रोसॉफ्टमध्येच होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मॅकिन्टॉश संगणकांसाठी वेगळा इंटरनेट एक्स्प्लोरर ५ तयार केला. तो मार्च २००० मध्ये आला आणि सीएसएसची पहिली आवृत्ती जवळजवळ पूर्णपणे पाळणारा पहिला ब्राउझर ठरला. म्हणजे बघा, कंपनी एक, ब्राउझरचं नाव एक, पण मॅकवरचा भाऊ नियमाने मोजणार आणि विंडोजवरचा आपल्या मनाने!

विंडोजवरच्या भावासाठी टान्टेकने एक युक्ती काढली. सीएसएसमध्ये महिरपी कंस मिटला की नियम संपतो. त्याने आधी लिहिलं, ‘रुंदी ३५०’. मग एक विचित्र ओळ लिहिली. तिच्यात अवतरणचिन्हांच्या आत एक मिटलेला महिरपी कंस होता. त्याच्यापुढे पुन्हा लिहिलं, ‘रुंदी ३००’. हुशार ब्राउझरला कळे, की अवतरणातला कंस खरा नाही. तो पुढे वाचे आणि ३०० धरे. विंडोजवरचा भाऊ मात्र फसे. नियम संपला असं समजून तो ३५० वरच थांबे. दोघांचीही चौकट शेवटी ३५० चीच! करून बघा हिशेब.

युक्ती झकास होती. पण प्रत्येक पानावर अशा युक्त्या लिहीत बसणं म्हणजे गळक्या छपराखाली भांडी मांडत बसणं. छप्पर नीट करायलाच हवं होतं.

कसोटी लागली

सोनार सोनं कसं पारखतो? कसोटीच्या दगडावर घासतो आणि त्यावर आम्ल टाकून बघतो. खरं सोनं आम्लालाही दाद देत नाही. आम्लाला इंग्रजीत ‘अ‍ॅसिड’ म्हणतात. ब्राउझरची परीक्षा घेणाऱ्या पानांना हेच नाव मिळालं.

पहिली अ‍ॅसिड चाचणी टॉड फार्नर यांनी १९९८ मध्ये तयार केली. रंगीत चौकटींचं एक पान आणि शेजारी ते कसं दिसायला हवं त्याचं चित्र. दोन्ही जुळलं तर पास! त्याच वर्षी वेबची पानं तयार करणाऱ्या काही जणांनी ‘वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट’ हा गट स्थापन केला. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांना ते एकच मागणं करत होते: ठरलेले नियम पाळा.

२००१ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आला. पानाच्या डोक्यावर योग्य ती ओळ लिहिली असेल, तर तो चौकट नियमाप्रमाणे मोजत असे. छान झालं! पण तोवर या ब्राउझरने बाकीच्यांना मागे टाकलं होतं. नेटस्केप थकला होता. शर्यतीत कुणी उरलं नाही की धावणारा काय करतो? चालायला लागतो. पुढची आवृत्ती आली थेट ऑक्टोबर २००६ मध्ये, पाच वर्षांनी! चौकट सुधारली, तरी इतर कितीतरी चुका तेवढा काळ तशाच राहिल्या. मध्यंतरी २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली आणि शर्यतीत पुन्हा जीव आला.

एप्रिल २००५ मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्टने दुसरी चाचणी जाहीर केली. ‘अ‍ॅसिड२’. ती तयार करण्यात इयान हिक्सन आणि आपला होकॉन यांचा हात होता. यात आकडे नव्हते, तक्ते नव्हते. होता एक हसरा पिवळा चेहरा! ब्राउझरने सगळे नियम नीट पाळले तर चेहरा गोड हसे. नाकावर माउसचा बाण नेला की नाक निळं होई. आणि नियम चुकले, तर डोळे एकीकडे, तोंड दुसरीकडे, मध्येच लाल पट्टे! शाळेतल्या लहान मुलालाही कळावं, की कोण पास आणि कोण नापास.

या चेहऱ्यात मुद्दाम काही चुकीच्या सूचना पेरल्या होत्या. का, ओळखा पाहू! ‘कळलं नाही तर सोडून दे’ हा नियम ब्राउझर पाळतो का, ते बघायला.

सफारीने २००५ मध्येच ही परीक्षा पार केली. फायरफॉक्सची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये पास झाली. इंटरनेट एक्स्प्लोरर आठव्या आवृत्तीत, म्हणजे २००९ मध्ये पास झाला. उशिरा का होईना, पण चेहरा हसला.

चूक नक्की कुणाची?

आता मघाच्या चौकटीकडे परत येऊ. एक नवल सांगते. रेघेसकट मोजायची ती ‘चुकीची’ पद्धत पुढे अनेकांना सोयीची वाटली! घरात कपाट ठेवताना आपण बाहेरचंच माप घेतो ना? म्हणून सीएसएसमध्ये नंतर ‘बॉक्स-सायझिंग’ नावाची सूचना आली. कोणत्या पद्धतीने मोजायचं, ते आता पान लिहिणाराच सांगतो. सगळे ब्राउझर तसं मोजतात.

म्हणजे ते माप वाईट नव्हतं. ‘रुंदी’ हा एकच शब्द आणि त्याचे दोघांच्या मनात दोन अर्थ, तिथे घोळ होता. बाजारात एका दुकानात मीटर शंभर सेंटीमीटरचा आणि दुसऱ्यात नव्वदचा असेल, तर कापड कसं घेणार?

ही गोष्ट कंपन्यांनाही हळूहळू पटली. पानाचे आडवे-उभे रकाने सहज आखू देणारी ‘ग्रिड’ नावाची पद्धत सीएसएसमध्ये आहे. तिची कल्पना सुरुवातीला मांडली मायक्रोसॉफ्टच्याच लोकांनी! तिचे नियम सगळ्यांनी मिळून पक्के केले, आणि मार्च २०१७ या एकाच महिन्यात ती फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्हींत आली. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली. कुठे १९९६ नंतरची ती ओढाताण आणि कुठे हे!

२०२२ मध्ये तर अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि इतर काही जणांनी ‘इंटरॉप २०२२’ हा उपक्रम सुरू केला. कोणत्या सूचना सगळीकडे सारख्या चालत नाहीत, त्यांची यादी करायची, सगळ्यांनी त्याच चाचण्या द्यायच्या आणि गुण सर्वांसमोर लावायचे. अगदी आपल्या शाळेच्या निकालाच्या फळ्यासारखं! त्याच वर्षी १५ जूनला मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त केला.

मराठीचं काय?

आपल्या मराठीसाठीही या नियमांत जागा आहे, बरं का. यादीला क्रमांक देताना सीएसएसमध्ये ‘देवनागरी’ एवढा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला, की ब्राउझर १, २, ३ असे आपले आकडे स्वतःच मांडतो.

पण एक अवघड जागाही आहे. गोष्टीचं पहिलं अक्षर मोठं आणि रंगीत करण्याची एक सूचना असते. इंग्रजीत पहिलं अक्षर म्हणजे सरळ एक अक्षर. आता ‘क्षितिज’ शब्द घ्या. पहिलं अक्षर कोणतं? तुम्ही म्हणाल ‘क्षि’. पण संगणक तेच क, हलन्ताची खूण, ष आणि इकाराची वेलांटी अशा चार तुकड्यांत साठवतो! ब्राउझरने त्यातला एकच तुकडा रंगवला, तर अक्षराची मोडतोडच होईल. आपल्या लिपीची ही रीत नियम करणाऱ्यांना आणि ब्राउझर लिहिणाऱ्यांना कुणीतरी समजावून सांगावी लागते. ते काम मराठी येणाऱ्या माणसाइतकं चांगलं कोण करील? मोठेपणी तुमच्यापैकीही कुणी करील.

करून पाहा

दोन मित्रांना वेगवेगळं बसवा. दोघांना एकच सूचना द्या: ‘१० सेंटीमीटर रुंद चौकट काढ. दोन्ही बाजूंना आत १ सेंटीमीटर मोकळी जागा सोड आणि अर्धा सेंटीमीटर जाडीची रंगीत किनार दे.’ आणखी काही सांगू नका. मग दोघांच्या चौकटी पट्टीने मोजा. बाहेरून कुणाची १० भरते आणि कुणाची १३, ते वहीत लिहा. त्यानंतर सूचना अशी सुधारून लिहा, की तिसऱ्याने चौकट काढली तर तिचं माप ठरल्याप्रमाणेच यावं.

आणि आईबाबांना एक सांगायचं आहे. घरच्या फोनवर किंवा संगणकावर एखादं पान विस्कटलेलं दिसलं, अर्जाचं बटण सापडेना, तर मुलांना लगेच ‘तुला जमत नाही’ म्हणू नका. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. ब्राउझर जुना असेल तर नवा करून घ्या. तरीही बटण सापडलं नाही, तर पान ज्यांचं आहे त्यांना कळवा. कोणता ब्राउझर, त्याची कितवी आवृत्ती आणि काय बिघडलं, एवढ्या तीन गोष्टी पत्रात असल्या की पुरे. पत्राचा मसुदा मुलांनाच लिहू द्या. समास सोडून!